पाण्याची पारख

स्वच्छ, थंड आणि वास नसलेलें पाणी पेल्यांतून समोर आलें कीं तें शुद्ध आहे असें आपण निःशंकपणें समजतों. मीही आयुष्याचीं सहासष्ट वर्षें असेंच समजत आलों. शाळेंत संस्कृत शिकवितांना ‘निर्मल’, ‘शुचि’ व ‘पूत’ या शब्दांतील सूक्ष्म भेद मीं मुलांकडून अनेक वेळां घोकून घेतले. परंतु ते भेद प्रत्यक्ष पाण्याच्या बाबतींत केवढे महत्त्वाचे आहेत हें मला गेल्या वर्षीं एका पंधरा वर्षांच्या मुलानें शिकविलें. तो मुलगा माझा नातू. त्या शिक्षणाचें मोल मात्र मला द्यावें लागलें नाहीं; तें त्याच्या दोन वर्षांच्या श्रमांनीं भरलें गेलें. म्हणूनच ही हकीकत सुज्ञ वाचकांपुढें मांडणें मी माझें कर्तव्य समजतों.

माझे थोरले चिरंजीव नोकरीनिमित्त अमेरिकेंत, सनफ्रान्सिस्कोच्या दक्षिणेस उपसागराच्या कांठीं एका लहानशा शहरीं राहतात. गतवर्षीं आम्ही उभयतां त्यांजकडे सहा महिने राहून आलों. त्यांच्या दिवाणखान्यांत एका बाजूस दोनशें लिटर पाण्याची कांचेची टाकी आहे. तींत मासे आहेतच. परंतु नातवाचा खरा जीव आहे तो प्रवाळांवर. पोवळें आपण अंगठींत किंवा माळेंत पाहतों, आणि कित्येकांस तो एखादा खडाच वाटतो. वस्तुतः तो समुद्रांतील इवल्याशा प्राण्यांच्या वसाहतीचा सांगाडा होय. त्यांचेच भाऊबंद उष्ण समुद्रांत चुनखडीचे मोठमोठे तट बांधतात. त्यांच्या शरीरांत सूक्ष्म शेवाळ राहतें. तें प्रकाशाच्या साह्यानें अन्न तयार करतें व आपल्या यजमानास वांटा देतें. असें हें दोघांचें एकत्र कुटुंब घरांतील टाकींत नांदवावयाचें, म्हणजे समुद्राचें पाणी घरींच बनवावें लागतें. समुद्राच्या एक लिटर पाण्यांत सुमारें पस्तीस ग्रॅम क्षार असतात, आणि प्रवाळ जेथें राहतात तेथें हें प्रमाण फारसें बदलत नाहीं. जो प्राणी युगानुयुगें एकसारख्या पाण्यांत वाढला, त्याला किंचित् फरकही सोसत नाहीं.

नातवानें दोन वर्षांपूर्वीं एका प्रवाळाचा अंगठ्याच्या पेराएवढा तुकडा आणला होता. तो समुद्रांतून उपटलेला नव्हता. दुसऱ्या कोणाच्या टाकींत वाढलेल्या प्रवाळाचें तें कलम होतें. आम्ही गेलों तेव्हां त्याचें तळहाताएवढें, जांभळ्या टोकांचें झुडूप झालें होतें. शाळेंतून आल्यावर तो पोरगा दप्तर ठेवण्यापूर्वीं टाकीपुढें उभा राही, तें पाहून मला गोठ्यांतील वासराकडे आधीं धांवणारीं आमच्या लहानपणचीं मुलें आठवत.

जुलै महिन्यांत चिरंजीव, सूनबाई व नातू चार दिवस डोंगरांत हिंडावयास गेले. आमचे गुडघे तें करण्याजोगे नसल्यामुळें आम्ही घरींच राहिलों. जातांना नातवानें मला कोपऱ्यांतील निळें पिंप दाखविलें व म्हणाला, “आजोबा, टाकीवर ही खूण आहे. पाणी उडून खालीं गेलें म्हणजे रोज सकाळीं या पिंपांतलेंच पाणी खुणेपर्यंत घाला. यांत मीठ नाहीं, कारण वाफ होऊन जातें तें नुसतें पाणी. मीठ टाकींतच राहतें.” ‘पिंपांतलेंच’ या शब्दावर त्यानें भर दिला होता. तें कां, हें मीं विचारलें नाहीं. जन्मभर मुलांना ‘कां’ विचारावयास शिकविणाऱ्या मास्तराकडून हा पहिला प्रमाद झाला.

पहिल्या दिवशीं मीं सांगितल्याप्रमाणें केलें. दुसऱ्या दिवशीं पिंपाचें झांकण उघडतांना मनांत आलें कीं हें पाणी आठवडाभर तसेंच भरून ठेवलेलें आहे. सौभाग्यवतींनाही तें पटेना. त्या म्हणाल्या, “पूजेला सुद्धां आपण शिळें पाणी घेत नाहीं, हे तर जिवंत जीव आहेत.” झालें! आमच्याबरोबर नेलेली तांब्याची कळशी मीं चिंचेनें लखलखीत घांसली, नळाचें ताजें पाणी दुहेरी धूतवस्त्रांतून गाळून तींत भरलें, रात्रभर ठेवलें, आणि सकाळीं टाकींत घातलें. याप्रमाणें तीन दिवस तीन कळशा पाणी टाकींत गेलें. घरच्या पाहुण्याला देऊं त्याहून अधिक आदरानें मीं तें त्या प्राण्यांना दिलें होतें.

चौथ्या दिवशीं दुपारीं कांचेला चिकटलेल्या गोगलगाई तळाशीं गळून पडलेल्या दिसल्या. तांबड्या-पांढऱ्या पट्ट्यांची एक कोळंबी होती, ती उलटी झाली. मासे पृष्ठभागाशीं येऊन भराभर तोंडें उघडूं-मिटूं लागले. प्रवाळांनीं आपलीं फुलें आंत ओढून घेतलीं होतीं. सायंकाळीं मंडळी परत आली. नातू टाकीपुढें गेला तो तेथेंच खिळून राहिला. मग कांहीं न बोलतां त्यानें परीक्षानळ्या बाहेर काढल्या. क्षार ठीक, उष्णमान ठीक. अमोनिया मात्र थोडा वाढलेला. त्यानें मला विचारलें, “आजोबा, पाणी रोज घातलेंत ना?” मीं म्हटलें, “घातलें.”

तें खोटें नव्हतें. पण पूर्ण खरेंही नव्हतें. धर्मराजाच्या त्या अर्ध्या सत्याची कथा मीं वर्गांत वर्षानुवर्षें शिकविली आहे, आणि त्याचा रथ जमिनीला टेकला येथपर्यंत आलों कीं मुलांकडे मुद्दाम रोखून पाहिलें आहे. त्या रात्रीं मला झोंप आली नाहीं. खालच्या मजल्यावर तो मुलगा दिव्याच्या उजेडांत एकेक परीक्षा पुन्हां पुन्हां करीत बसला होता, आणि ज्या गोष्टीची परीक्षा करावयास हवी होती ती एकट्या मला ठाऊक होती.

पहांटे चार वाजतां मीं खालीं जाऊन त्याला सर्व सांगितलें. कळशी दाखविली. तो क्षणभर माझ्याकडे पाहत राहिला. रागावला असता तर बरें झालें असतें. परंतु तो एवढेंच म्हणाला, “तांबें! मग तर मीं तें शोधलेंच नसतें. आजोबा, आतां निदान काय शोधायचें तें कळलें.” आणि लगेच कळशींत उरलेलें पाणी त्यानें परीक्षेला घेतलें.

पुढच्या अर्ध्या तासांत मीं जें पाहिलें तें माझ्या सर्व समजुतींना धक्का देणारें होतें. प्रथम त्यानें पाण्यांत टीडीएस मीटर बुडविला. पाण्यांत विरघळलेल्या क्षारांचें प्रमाण अजमावण्याचें हें साधन. आंकडा सत्तरीच्या आंत आला. आपल्याकडे पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकांत लिटरमागें पांचशें मिलिग्रॅमपर्यंत विरघळलेले घन पदार्थ स्वीकार्य धरले आहेत. त्या मानानें हें पाणी उत्कृष्टच म्हणावयाचें. त्या भागांत येणारें पुष्कळसें पाणी योसेमाइटच्या डोंगरांतील हेच हेची जलाशयांतून सुमारें दोनशें सत्तर किलोमीटर प्रवास करून येतें. तें मूळचेंच हलकें व निर्मळ आहे. नंतर त्यानें मोकळ्या क्लोरिनाची परीक्षा केली. रंग जवळजवळ आलाच नाहीं. मी कांहींसा सुखावलों. तेव्हां त्यानें दुसऱ्या कुपींतील द्रव्य घालून एकूण क्लोरिनाची परीक्षा केली, आणि नळी झर्रकन गुलाबी झाली! नळाच्या ताज्या पाण्यांत लिटरमागें सुमारें दोन मिलिग्रॅम. आणि रात्रभर कळशींत राहिलेल्या पाण्यांतही तो रंग फारसा उतरला नव्हता.

याचा उलगडा असा. पाण्यांतील जंतु मारण्यासाठीं क्लोरिन घालतात हें सर्वांस ठाऊक आहे. तो वायु असल्यामुळें उघड्या भांड्यांत एक-दोन दिवस पाणी ठेवलें कीं बहुतेक निघून जातो. सनफ्रान्सिस्कोच्या पाणीखात्यानें मात्र २००४ सालच्या फेब्रुवारीपासून क्लोरिनाऐवजीं क्लोरामाइन वापरण्यास आरंभ केला. क्लोरिन व अमोनिया यांच्या संयोगानें हें द्रव्य बनतें. लांबलचक नळांतून जातांना तें अधिक काळ टिकतें, आणि पाण्यांतील सेंद्रिय द्रव्यांशीं क्लोरिनाचा संयोग होऊन जीं अनिष्ट संयुगें बनतात तींही यामुळें कमी होतात. मनुष्याच्या हिताच्या दृष्टीनें ही योजना योग्यच आहे. अमेरिकन नियमांप्रमाणें लिटरमागें चार मिलिग्रॅमपर्यंत तें चालतें. आपण तें पितों तेव्हां पोटांतच त्याचें विघटन होतें. परंतु मासा पाणी ‘पीत’ नाहीं, तो पाण्यांतून श्वास घेतो. कल्ल्यांतून तें द्रव्य थेट त्याच्या रक्तांत शिरतें व रक्ताची प्राणवायु वाहण्याची शक्ति नष्ट करतें. मूत्रपिंडाच्या विकारांत यंत्रानें रक्तशुद्धि करणाऱ्या रुग्णालयांनाही याच कारणास्तव पाण्यांतून क्लोरामाइन आधीं काढून टाकावें लागतें. आणि तें टिकाऊ असल्यामुळें एक रात्र पाणी ठेवून काय होणार?

तांब्याची कथा याहूनही बोधप्रद आहे. तांब्याच्या भांड्यांत रात्रभर ठेवलेल्या पाण्यांत धातूचा अल्प अंश उतरतो व त्यानें पुष्कळ जंतु मरतात. मनुष्यास तेवढ्यानें अपाय होत नाहीं. अमेरिकेंत पिण्याच्या पाण्यांत तांब्याचें प्रमाण लिटरमागें १.३ मिलिग्रॅमच्या वर गेलें तरच उपाययोजना करावी लागते. परंतु जंतूंना जें विष तेंच गोगलगाय, कोळंबी व प्रवाळ यांसही विष, तेंही याच्या कितीतरी पटींनीं कमी प्रमाणांत. माशांच्या कित्येक रोगांवर तांब्याचें औषध देतात, पण तें देण्यापूर्वीं मासे वेगळ्या भांड्यांत काढावे लागतात, इतकें तें इतरांना घातक असतें. म्हणजे ज्या गुणाकरितां आमच्या घराण्यांत तांब्याची कळशी पूज्य मानली गेली, त्याच गुणानें ती येथें मारक ठरली. आणि माझें दुहेरी धूतवस्त्र? गाळण्यानें जाते ती गाळ-माती. जें विरघळलें आहे तें कापडास कसें अडणार? साखर घातलेलें पाणी गाळलें म्हणून तें अगोड होत नाहीं. सुश्रुतसंहितेंत पाणी निवळविण्याचीं जीं साधनें सांगितलीं आहेत त्यांत निवळीचें बीं आहे, वस्त्र आहे, मोतीं आहे. तीं सर्व गढूळपणा घालविणारीं आहेत, आणि त्या कामीं तीं खरीं आहेत. चूक त्या ग्रंथाची नव्हे. एका कामाचें साधन दुसऱ्या कामाला लावणाराची आहे.

त्या पहांटे आम्हीं दोघांनीं मिळून तयार ठेवलेलें खारें पाणी टाकींत घातलें व तितकेंच जुनें काढलें. पाण्याच्या वाटेंत सक्रिय कोळशाची पिशवी व तांबें शोषून घेणारी राळ ठेवली. पुढें आठवडाभर रोज थोडथोडें पाणी बदललें. मासे वांचले. कोळंबी व बहुतेक गोगलगाई गेल्या. जांभळ्या टोकांचें तें झुडूप बुंध्यापासून पांढरें पडत गेलें, आणि पांचव्या दिवशीं त्यावर जिवंत असें एक टोक काय तें उरलें.

पुढच्या रविवारीं मीं वही-पेन्सिल घेऊन नातवापुढें बसलों आणि म्हटलें, “आतां पहिल्यापासून शिकव.” पिंपांतील तें ‘शिळें’ पाणी कसें तयार होतें हें त्यानें मला दाखविलें. भिंतीवर चार नळकांडीं बसविलीं आहेत. पहिल्यांत दाट विणीची वात असते. ती माती व गंज अडविते. दुसऱ्यांत सक्रिय कोळसा. तो क्लोरिन काढतो, आणि क्लोरामाइनही फोडतो. मात्र क्लोरामाइनासाठीं कोळसा अधिक लागतो व पाणी हळूहळू सोडावें लागतें. क्लोरामाइन फुटलें म्हणजे अमोनिया मोकळा होतो. त्याची व्यवस्था पुढें होते. तिसऱ्यांत अतिसूक्ष्म पडदा. मनुका पाण्यांत टाकल्या म्हणजे फुगतात, कारण पाणी सालींतून आंतल्या गोड रसाकडे ओढलें जातें. येथें दाब देऊन हीच क्रिया उलट करतात. पाणी पडद्यापार जातें व विरघळलेले बहुतेक क्षार अलीकडे राहतात. शंभरांतील शहाण्णव-सत्याण्णव भाग येथेंच अडतात. क्लोरिनानें हा पडदा कुजतो, म्हणून कोळसा त्याच्या आधीं हवा. चौथ्यांत राळेचे बारीक मणी. उरलासुरला क्षार व अमोनिया ते टिपून घेतात. मणी संपत आले कीं त्यांचा रंग पालटतो. या मार्गानें नत्रयुक्त व स्फुरदयुक्त क्षार आणि वाळूचा विरघळलेला अंशही जातो. तसे ते राहिले तर टाकींत शेवाळ माजतें, कांचेवर तपकिरी थर धरतो आणि प्रवाळांच्या सांगाड्याची वाढ खुंटते.

परंतु खरा धडा यंत्राचा नव्हता, परीक्षेचा होता. नातवाची रीत अशी: यंत्र सुरू केल्यावर पहिलीं कांहीं मिनिटें येणारें पाणी टाकून द्यावयाचें, कारण बंद असतांना पडद्यामागें क्षार झिरपलेले असतात. नंतर तीन ठिकाणीं मीटर लावावयाचा. आमच्या समक्ष नळाचें पाणी ६८, पडद्यानंतरचें २ आणि राळेनंतरचें शून्य असे आंकडे आले. शून्याऐवजीं एक दिसूं लागला कीं राळ बदलावयाची. दुसरा आंकडा चढूं लागला कीं पडदा तपासावयाचा. मात्र मीटरला क्लोरामाइन ओळखतां येत नाहीं. त्यासाठीं पडद्याजवळून जें टाकाऊ पाणी बाहेर पडतें त्याची एकूण क्लोरिनाची परीक्षा करावयाची. त्यांत रंग आला तर कोळसा थकला असें समजावें. ‘मोकळ्या’ क्लोरिनाची परीक्षा येथें फसवी आहे, हें आपण वर पाहिलेंच. साठविण्याचें पिंप खाद्यपदार्थांस योग्य अशा प्लॅस्टिकचें; पाण्याच्या वाटेंत पितळेची वा तांब्याची तोटी कोठेंही नाहीं. मग त्या पाण्यांत मीठ घालून दिवसभर ढवळत ठेवावयाचें, आणि क्षारमापक यंत्र आधीं ३५ प्रमाणाच्या ठराविक द्रावणावर जुळवून घेऊनच मोजावयाचें. तो म्हणाला, “मोजणाऱ्या यंत्रालाही आधीं मोजून घ्यावें लागतें, आजोबा.” मीं तें वाक्य वहींत उतरवून घेतलें.

ही सर्व हकीकत वाचून कोणी म्हणेल, आमच्या घरीं प्रवाळ नाहींत. आम्हांस याचा काय उपयोग? तसे ते नसावेत हेंच बरें. आपल्याकडे तट बांधणाऱ्या प्रवाळांस १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचें संरक्षण आहे, आणि मालवणच्या किंवा दुसऱ्या कोणत्याही समुद्रांतून ते काढून आणणें हा गुन्हा आहे. पण आपल्या स्वयंपाकघरांत आज जें पाण्याचें यंत्र आहे, त्यांतही बहुधा तोच पडदा व तोच कोळसा आहे. विक्रेता दारीं येतो, मीटर बुडवितो, लहान आंकडा दाखवितो व ‘पाणी शुद्ध’ म्हणून सांगतो. तो मीटर केवळ विरघळलेल्या क्षारांविषयीं बोलतो. पाण्यांत रोगजंतु आहेत कीं नाहींत हें त्याला मुळींच कळत नाहीं. त्यासाठीं जंतुपरीक्षाच करवून घ्यावी लागते. शिवाय मनुष्यास प्रवाळाप्रमाणें शून्य क्षारांचें पाणी नको आहे. आपल्या नळाचा आंकडा मुळांतच माफक असेल तर पडद्याचें यंत्र लावून एका घागरीमागें दोन-तीन घागरी वायां घालविण्यांत काय स्वारस्य आहे, हें प्रत्येक गृहिणीनें विचारून पाहावें. पाणी शुद्ध आहे काय, हा प्रश्न अपुरा आहे. कोणासाठीं शुद्ध, आणि कोणत्या परीक्षेनें शुद्ध, हें विचारल्यावांचून त्याला उत्तर नाहीं.

पिंपांतील पाणी शिळें नव्हतें. शिळें झालें होतें तें माझें ज्ञान. परंतु त्याहून मला अधिक लागतें तें हें, कीं माझ्या एका रात्रीच्या मौनानें त्या मुलाच्या हातांतील सर्व परीक्षानळ्या निरुपयोगी केल्या होत्या. जें विचारलें जातें त्याचेंच उत्तर परीक्षा देते. आणि काय विचारावयाचें हें कळण्यासाठीं घरांतील वडील माणसानें आपली चूक बोलून दाखविणें कधीं कधीं आवश्यक असतें.

त्या झुडुपाचें जिवंत राहिलेलें टोक नातवानें कापून एका दगडावर चिकटविलें. आम्ही निघालों तेव्हां तें हरभऱ्याच्या दाण्याएवढें होतें. पिंपावर आतां एक वही टांगलेली आहे. तींत तारीख व तिन्ही आंकडे लिहावयाचे. तेथें होतों तोंवर रोज सकाळीं ते आंकडे मींच लिहीत असें, देवनागरींत. गेल्या महिन्यांत त्यानें त्या पानाचें छायाचित्र पाठविलें. त्याच्या हातचें देवनागरी अद्याप वांकडेंतिकडें आहे. पण शेवटच्या रकान्यांतील शून्य मात्र अगदीं वाटोळें आलें आहे.